बायकांविषयीचा आकडा हवाय? आधी हे ठरवा

बातमीसाठी किंवा संस्थेच्या अहवालासाठी आकडा मागणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच विचारते: घरात काय घडतं ते सांगायचंय, की पोलिसांत काय नोंदलं गेलं ते?

नोंदलेलं सांगायचं असेल तर एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, 'क्राइम इन इंडिया' अहवाल घ्या. २०२२ साली देशात स्त्रियांवरील अत्याचाराचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. यात जिल्ह्याचे आकडेही मिळतात, ही त्याची मोठी सोय. पण एका प्रकरणात अनेक कलमं लागली तर मोजणी सर्वांत गंभीर कलमाखालीच होते. हुंडाबळीच्या गुन्ह्यातला आधीचा छळ वेगळा दिसत नाही. आणि एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढले म्हणजे अत्याचारच वाढले असं लिहू नका. बायका ठाण्यापर्यंत पोचू लागल्या, असंही असू शकतं.

घरातलं सांगायचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. माझा भरवसा यावर जास्त आहे, आणि तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळे. हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकटीलाच विचारायचे, असा नियम आहे. सासू दाराशी घुटमळत असेल, नवरा आत-बाहेर करत असेल आणि एकांत मिळतच नसेल, तर तो भाग सोडून द्यायचा. अशा रीतीने २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, महाराष्ट्रात २५.२ टक्के. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के जणींनी. पोलिसांच्या आकड्यात काय राहून जातं ते इथे कळतं. मात्र हिंसेचा जिल्हावार आकडा यात नाही, कारण हे प्रश्न थोड्याच घरांत विचारले जातात.

याच सर्वेक्षणातलं 'हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया' हे वाक्य मात्र जपून वापरा. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९४३ होतं. नमुना सर्वेक्षण आणि जनगणना शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' म्हणता येत नाही. मुली जन्माला येऊ दिल्या जातात का हे पाहायचं असेल तर जन्मावेळचं प्रमाण (हजार मुलग्यांमागे जन्मलेल्या मुली) बघा; याच फेरीत ते ९२९ आहे.

कामाचा आकडा पीएलएफएस, म्हणजे सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून घ्या, पण सोबत संकेतांक, म्हणजे कोण काय करतं त्याला दिलेला क्रमांक, वाचा. घरच्या शेतात खुरपणी करणारी बाई बिनपगारी मदतनीस म्हणून २१ मध्ये जाते, कामकरी ठरते. घर सांभाळून सरपण, चारा आणणारी ९३ मध्ये जाते आणि श्रमशक्तीतून बाहेर पडते. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण) २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. हा आकडा छापताना त्यात २१ वाल्या किती, हेही छापा. त्या ९३ वालीचा दिवस शोधायचा असेल तर २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण उघडा: घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७.