वोटोफो प्रोफाइल आरडीए : जाळी छान, पण सगळी भिस्त कापसावर

कंदिलातलं रॉकेल संपलं की आधी वात जळते. काच काळी होते, करपट वास सुटतो आणि मग ज्योत जाते. मेशच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याऐवजी जाळी तापवणाऱ्या, ड्रिपरमध्ये (ई-सिगारेटचा वाफ करणारा सुटा भाग, म्हणजेच आरडीए) हा प्रकार लिक्विड भरलेलं असतानाही होतो. कापूस जाळीपासून केसभर खाली बसला की जाळीचा तेवढा तुकडा कोरडा तापतो आणि पुढचा झुरका थेट घशाला लागतो. शेन्झेनच्या वोटोफो कंपनीने मिस्टर जस्टराइटवन या यूट्यूबवरच्या परीक्षकाला सोबत घेऊन २०१८ मध्ये प्रोफाइल आरडीए काढला, तो याच दुखण्यावर औषध म्हणून. जाळीच्या खाली स्प्रिंगवर बसवलेला सिरॅमिकचा छोटा ठोकळा आहे. तो कापसाला कायम जाळीच्या पोटाशी दाबून धरतो. या ड्रिपरमध्ये खरी अक्कल आहे ती एवढीच, पण ती चांगली चालते.

आधी कायद्याचं. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशातून पार्सल मागवणं म्हणजे आयातच. ‘यात बॅटरी कुठे आहे, ही तर नुसती स्टीलची डबी’ हा युक्तिवाद कस्टमवाल्यांसमोर करून बघायची हौस नको. सुट्टीला पुण्या-मुंबईला येताना बॅगेत टाकायचीही वस्तू ही नाही. तेव्हा हे परीक्षण ब्रिटन, न्यूझीलंड अशा ठिकाणी राहणाऱ्या, आधी सिगारेट ओढणाऱ्या आणि आता व्हेपवर आलेल्या सज्ञान मराठी मंडळींसाठी आहे. ज्यांना निकोटीनची सवयच नाही त्यांनी इथेच थांबावं, ती सवय लागायला वेळ लागत नाही आणि सुटायला लागतो.

आरडीए म्हणजे टाकी नसलेला अ‍ॅटॉमायझर. कॉइल (तापणारी तार किंवा जाळी) आपण बसवायची, कापूस आपण भरायचा आणि लिक्विडचे थेंब वरून सोडायचे. प्रोफाइलचा व्यास २४ मिमी, वर ८१० मापाची रुंद ड्रिप टिप, म्हणजे तोंडात धरायची नळी. खोक्यात जाळीच्या पट्ट्या, टोकाला बुटाच्या नाडीसारखी टोपणं असलेला कापूस, जाळी वाकवायची दांडी, जास्तीचे ओ-रिंग आणि स्क्रू, आणि स्क्वाँकसाठी (खालची बाटली दाबून लिक्विड वर चढवायच्या पद्धतीसाठी) आरपार भोक असलेली पिन मिळते. डेकवर, म्हणजे आतल्या बांधणीच्या पाटावर, दोन बाजूंना दोन चिमटे, मधे तो ठोकळा. साधी गुंडाळलेली एक कॉइलही यात बसते, पण तेवढ्यासाठी हा घेऊ नये, त्या कामाला याहून सोपे आणि स्वस्त ड्रिपर पडलेत.

जाळी निवडताना धातू आणि ओहम दोन्ही बघा. कँथल (लोखंड-क्रोमियमचा मिश्रधातू) टिकाऊ, निकेल-८० लवकर तापते, एसएस३१६एल या स्टीलवर टेम्परेचर कंट्रोल चालतो. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर निकेल-८० नको, कँथल घ्या. बहुतेक पट्ट्या ०.१३ ते ०.१८ ओहमच्या दरम्यान येतात आणि इथेच नवखे फसतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. ०.१३ ओहमवर त्याचे होतात ३२ अँपिअर. सॅमसंगचा २५आर सेल सतत २० अँपिअरचा, सोनीचा व्हीटीसी६ तर १५ चा. म्हणजे एका सेलच्या मेकॅनिकल मॉडवर (सर्किट नसलेल्या बॅटरीच्या डबीवर) ही जाळी चढवणं हे सरळ सेलच्या जिवावर उठणं आहे. रेग्युलेटेड, म्हणजे सर्किटवाला मॉड घ्या, तोही दोन सेलचा. गणित साधं आहे : ६० वॅटला, सेल दाबाखाली ३.४ व्होल्टवर आलेला आणि सर्किटची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर एकट्या सेलवर जवळपास २० अँपिअरचा भार येतो. दोन सेलवर तोच निम्मा. सेलचं प्लास्टिकचं आवरण कुठे खरचटलं असेल तर तो सेल वापरू नका, आणि सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर तर कधीच नकोत.

आता बांधणी. पट्टी दांडीवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत कमानीसारखी वाकवायची. घडी पडू द्यायची नाही. जिथे घडी पडते तिथे तार दुमडते, तिथेच नंतर लाल ठिपका उमटतो. चिमट्यांचे स्क्रू सैल करून पट्टीची दोन्ही टोकं आत सरकवा, दांडी कमानीखाली तशीच राहू द्या म्हणजे आकार मोडत नाही. पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच आत गेली पाहिजे आणि डेकच्या कडांना समांतर हवी. जरा तिरकी बसली तर एका अंगाला कापूस आवळतो आणि दुसऱ्या अंगाला मोकळा राहतो. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर जाळी त्या बाजूला ओढली जाते. हे स्क्रू बारीक आहेत, जोर लावला तर खाच झिजते, आणि झिजलेल्या खाचेसारखा वैताग नाही.

दांडी काढली की मॉडवर चढवून आधी ओहम बघा. आकडा पट्टीवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास स्थिर हवा. नाचत असेल तर चिमटा सैल आहे. खूपच कमी दाखवत असेल तर जाळीचं टोक कुठेतरी डेकला टेकलंय. मग कापूस न घालता १५ ते २० वॅटवर बटण सेकंद-सेकंदभर दाबून सोडा. मधून सुरू होऊन लाली दोन्हीकडे सारखी पसरली की काम झालं. एकाच टोकाला आधी उजळली तर त्या बाजूचा स्क्रू पुन्हा आवळा. गुंडाळलेल्या कॉइलला आपण सिरॅमिकच्या चिमट्याने खरवडून सरळ करतो, तसं इथे करू नका. जाळी पातळ असते, फाटते. आणि ती लालभडक होईपर्यंत बटण दाबूनही ठेवू नका. कापूस नसताना उष्णता शोषायला काहीच नसतं, तार जळून तुटू शकते.

जाळी पूर्ण गार झाली की कापूस. या ड्रिपरचं सगळं यश-अपयश पुढच्या दोन मिनिटांत ठरतं. नाडीवाला कापूस ६ मिमी जाडीचा असतो. टोपण कमानीखालून, ठोकळ्याच्या वरून आरपार ओवा आणि हळूच ओढा. ओढताना हाताला ठाम अडथळा जाणवला पाहिजे, पण जाळी जागची हलता कामा नये. जाळी कापसासोबत सरकत असेल तर कापूस जास्त झाला, दोन-चार धागे सोलून काढा. सहज सुळकन गेला तर कमी झाला. तेव्हा तो तुकडा बाजूला ठेवून जाड घ्या, कारण स्प्रिंग कापूस वर ढकलेल हे खरं, पण स्प्रिंग पोकळी भरून काढत नाही. मधोमध घट्ट आणि कडांना भुसभुशीत कापूस बसला की कडाच आधी करपतात.

आता नुसत्या डोळ्यांनी नव्हे, मोबाईलचा टॉर्च लावून आडवं बघा. जाळीच्या प्रत्येक छिद्राखाली पांढरं दिसलं पाहिजे. कुठे काळी फट दिसली की तिथे कापूस टेकलेला नाही. दांडीच्या टोकाने ठोकळा अलगद खाली दाबून सोडा, तो टुणकन वर आला पाहिजे. अर्ध्यात अडकत असेल तर कापसाचे धागे त्याच्या कडेत गुंतलेत.

मग दोन्ही बाजूंच्या शेपट्या अशा कापा की त्या वाकून डेकच्या तळाला जेमतेम टेकतील. टोकं हातातल्या चिमट्याने विंचरून मोकळी करा आणि डेकच्या तळाशी लिक्विड साचायचा जो खड्डा असतो त्यात नुसती सोडा. इथे लोक हटकून एक चूक करतात : लांब शेपट्या खड्ड्यात ठासून भरतात, म्हणजे जास्त लिक्विड राहील म्हणून. ठासलेला कापूस लिक्विड धरून ठेवतो, वर सोडत नाही. चार झुरक्यांनंतर वरचा भाग कोरडा आणि खालचा लदबद, अशी गत होते. वर हवेच्या वाटेत आलेल्या शेपट्या गळती वाढवतात ते वेगळंच.

पहिल्यांदा भिजवताना घाई नको. जाळीवरून आणि दोन्ही शेपट्यांवर मिळून दीड मिलीच्या आसपास लिक्विड सोडा, दोन मिनिटं थांबा, जाळीवरचा पांढरेपणा जाऊन कापूस पारदर्शक झाला की मग ३० वॅटवर दोन-तीनदा बटण दाबा. सगळीकडून सारखी वाफ उठली पाहिजे. उठली की ५० वर जा. ५५ ते ६५ वॅट ही या ड्रिपरची खरी जागा. वोटोफो ८० पर्यंत सांगते, जाळी ८० सहनही करते, पण चव तिथे पातळ होते आणि कापूस एका संध्याकाळीत संपतो.

चवीबद्दल तक्रारीला जागा नाही. जाळीचा सगळा पृष्ठभाग एकदम तापतो, म्हणून बटण दाबताच पहिल्या क्षणापासून वाफ भरून येते. जाड क्लॅप्टन कॉइल (तारेवर बारीक तार गुंडाळलेली) आधी रेंगाळते आणि मग तापत जाते, तसं इथे नाही. फळांची आणि कस्टर्डसारखी मलईदार लिक्विड यात उठून दिसतात. तंबाखूच्या कोरड्या चवींना मात्र मेशमध्ये फारशी खोली येत नाही. हवा बाजूने येते, टोपी फिरवून ती कमी-जास्त करता येते. पूर्ण उघडी ठेवली तर झुरका एकदम मोकळा, थेट छातीत घेणाऱ्यांसाठी. सिगारेटसारखा आधी तोंडात धुराचा घोट घ्यायची सवय असेल तर हा ड्रिपर तुमच्यासाठी नाहीच.

लिक्विड ७० टक्के व्हीजी (दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन) किंवा त्याहून दाट घ्या. ५०-५० चं पातळ लिक्विड बाजूच्या भोकांतून बाहेर येतं. निकोटीन मिलीला ३ मिलिग्रॅम पुरे. ब्रिटनमधला नेहमीचा हिशोब असा : निकोटीन नसलेलं ५० मिली लिक्विड, त्यात मिलीला १८ मिलिग्रॅम निकोटीनचा १० मिली शॉट, म्हणजे १८० मिलिग्रॅम ६० मिलीत वाटले गेले, झाले ३. पॉडसाठीचं (पॉड म्हणजे कमी वॅटचं छोटं व्हेप) २० मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट यात घालू नका. पॉड १०-१५ वॅटवर इवलीशी वाफ देतो, हा साठवर कोठीघर भरून देतो. डोकं गरगरेल, मळमळेल.

खादाडपणा हा प्रोफाइलचा मोठा दोष. दिवसभर याच्यावरच राहिलात तर ८ ते १० मिली सहज जातं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स कर ठरला आहे, निकोटीन असो वा नसो. म्हणजे वरच्या ६० मिलीच्या मिश्रणावर नुसता कर १३ पौंड २० पेन्स. नवा ड्रिपर घ्यायच्या आधी हे गणित घरी मांडा. पंधरा वॅटचा पॉड इतकं पीत नाही.

दुसरा दोष खड्ड्याचा. तो खोल नाही. पाच-सहा झुरक्यांनी आठ-दहा थेंब ही लय जमली की ठीक, पण ‘आता एकदाच भरपूर घालू’ म्हटलं की बाजूने ओघळ आलाच. आडवा ठेवला तरी येतो. गाडीत, ट्रेनमध्ये, खिशात हा निरुपयोगी. स्क्वाँक मॉडवर पिन बदलून लावली तर थेंब सोडायची कटकट जाते, तेव्हा बाटली हलकेच दाबून सोडा. सोडली की जास्तीचं लिक्विड परत खाली ओढलं जातं. दाबून धरून ठेवणारे गळतीची तक्रार करतात. पिन बदलल्यावर मधला स्क्रू नीट आवळा, नाहीतर डेकचा धन खांब (बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेला) किंचित फिरतो आणि जाळी पिळवटते.

गोड लिक्विडमधलं सुक्रालोज जाळीवर काळा थर धरतं. त्यामुळे गोडखाऊंना कापूस रोज, बाकीच्यांना दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. जाळी तीन-चार कापूस टिकते. कापूस काढून जाळी कोमट पाण्याखाली धुवा, वाळवा, १५ वॅटवर दोन-चार ठोके द्या. गरम डेक थंड पाण्याखाली धरू नका, सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. करपट चव आल्यावर ‘अजून चार थेंब टाकून बघू’ हे चालत नाही. जळलेला कापूस पुन्हा चांगला होत नाही, आणि त्या वाफेत फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं वाढलेली असतात. फेका आणि नवा भरा.

पुढे प्रोफाइल १.५ ही सुधारित आवृत्ती आली. नवा घेणार असाल तर तीच बघा. मूळ प्रोफाइल आता बऱ्याचदा वापरलेलाच मिळतो. तसा घेताना बाहेरचे ओरखडे बघत बसू नका. टोपी काढा, सगळ्या स्क्रूंच्या खाचा बघा, आणि नखाने ठोकळा दाबा. वर यायला आळस करत असेल तर स्प्रिंग गेलीय. तसा ड्रिपर फुकट मिळाला तरी परत करा.