पैसे देण्याआधी एक गाडी मुद्दाम उभी करून बघा

कळंबोलीहून चाकण-रांजणगावला आमच्या मालाच्या 12 गाड्या चालतात. कुठल्या गाडीला कुठलं भाडं लावायचं, हे मी वर्षानुवर्षं फोनवरच ठरवत आलो. गेल्या वर्षी एक जण ऑफिसात आला, म्हणाला, कंट्रोल थिअरीनं, म्हणजे यंत्रणा स्वतःच मोजून स्वतःला सुधारते त्या शास्त्रानं, हे सगळं आपोआप होईल.

सुरुवात त्यानं जेम्स वॉटच्या 1788 च्या, वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरपासून केली. इंजिनाचा वेग वाढला की फिरते गोळे वर उचलले जातात, वाफ कमी होते, वेग जागेवर येतो. आमच्या जुन्या गाड्यांच्या डिझेल पंपातही गव्हर्नर असायचा, त्यामुळे मला ते लगेच पटलं. ते खरंच आहे, आणि त्या खऱ्याच्या आडूनच त्यानं मला गंडवलं. गाडीमागे 20,000 प्रमाणे 2,40,000 रुपये मी आगाऊ भरले.

तीन आठवडे ठीक गेले. मग बोरघाटात एका गाडीची क्लच प्लेट गेली. जीपीएसवर ती पहाटेपासून एकाच जागी दिसत होती, तरी साडेनऊला त्याच्या यंत्रणेच्या स्क्रीननं तिलाच चाकणचं रिटर्न भाडं लावलं. माल देणाऱ्या पार्टीनं तिच्याच नंबरानं ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं बिल, काढलं. मला कळेपर्यंत दुपार झाली. दुसरी गाडी पाठवून बिलावरचा नंबर बदलून घेईपर्यंत संध्याकाळ.

रात्री ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, त्या स्क्रीनवाल्यांचा पोरगा रोज फोन करून विचारतो, गाडी कुठं पोचली. आज त्याचा फोनच नाही आला."

माझ्या पोटात धस्स झालं. आपोआप काही होतच नव्हतं. तो पोरगा फोनवर विचारून तक्ता भरायचा, आणि तो नसेल त्या दिवशी आदल्या दिवसाचाच तक्ता पुढे चालायचा. गोळे हातानं फिरवले जात होते, त्यांना इंजिनाशी जोडणारा पट्टाच नव्हता.

पैसे परत मागितले तर त्यानं करारातलं "सल्ला सेवा" हे कलम पुढे केलं. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगात टिकणं अवघड आहे.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर डेमोवर जाऊ नका. तुमचीच एक गाडी, ड्रायव्हरचा फोन बंद करून, तीन तास उभी ठेवा. त्यांना सांगू नका. तिचं भाडं दुसऱ्या गाडीकडे वळतं का आणि किती वेळात, ते बघा. ठिकाणाची माहिती तासाभरानं शिळी असेल तर खरी यंत्रणासुद्धा एकाच मालाला दोन गाड्या धाडेल, म्हणून तेही विचारा.

मी पुन्हा फोनवर गाड्या लावतोय. चाकणच्या त्या पार्टीनं नंतर एकही भाडं दिलेलं नाही.