मोठ्या वयात पदवीला प्रवेश घेतल्यावर ‘आंकी’: पूर्ण सत्रभर वापरल्यानंतर

नोकरी आणि घर सांभाळून बऱ्याच वर्षांनी पुन्हा विद्यापीठात शिकायला लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते: वाचलेलं डोक्यात राहत नाही. दोष वयाला दिला जातो. खरा दोष बहुतेकदा पद्धतीचा असतो, कारण शाळेत लागलेली पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय तशीच परत येते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे लक्षात ठेवावा. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ टक्के विरुद्ध ४२ टक्के. वाचताना ‘येतंय’ असं वाटणं फसवं असतं, ते यामुळेच.

आंकी हे ॲप आठवण्याचं हेच काम करून घेतं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर ते कार्ड पुढच्या वेळी जास्त दिवसांनी समोर येतं, विसरलं तर लगेच. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे. आयफोनसाठीचं अधिकृत ॲप एकदाच पैसे भरून घ्यावं लागतं, पण ब्राउझरमधून आंकीवेबवर फुकट उजळणी करता येते. सत्रभर वापरल्यावरचं मत असं: वेळ तुकड्यातुकड्यांत मिळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे फार मोलाचं साधन आहे, मात्र मूळ सेटिंग्ज तशाच ठेवल्या तर दुसऱ्या महिन्यात बहुतेकांचा त्याच्याशी संबंध तुटेल.

कारण साधं आहे. मूळ सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं आणि जास्तीत जास्त २०० उजळण्या असतात. पहिल्या आठवड्यात २० कार्डं हलकी वाटतात. पण प्रत्येक नवं कार्ड पुढच्या उजळण्या घेऊनच येतं, आणि रोजच्या उजळण्या नव्या कार्डांच्या सात ते दहा पटींवर जाऊन स्थिरावतात. एका कार्डाला दहा सेकंद धरले तरी २०० उजळण्या म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ, तोही रोज, सुट्टी न घेता. नोकरी करणाऱ्याने नवी कार्डं ५ ते ८ वरच ठेवावीत. सोळा आठवड्यांच्या सत्रात रोजच्या ६ कार्डांची साडेसहाशेच्या वर कार्डं होतात. एका विषयाच्या व्याख्या, सूत्रं आणि संज्ञांना तेवढी बहुतेकदा पुरतात.

डेकच्या, म्हणजे कार्डांच्या संचाच्या, पर्यायांमध्ये एफएसआरएस सुरू करा. हे वेळापत्रक ठरवणारं नवं गणित आहे. २०२३ च्या अखेरीस ते आंकीतच आलं. त्यात ‘डिझायर्ड रिटेन्शन’ ०.९० असतं, म्हणजे दहातली नऊ कार्डं आठवतील अशा बेताने तारखा ठरतात. परीक्षेच्या धास्तीने हा आकडा ०.९७ करण्याचा मोह टाळा; आकडा १ च्या जवळ जाईल तसं काम झपाट्याने वाढतं. कामाचा दबाव असलेल्या महिन्यांत ०.८५ ही चालतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक बटणांची. अगेन, हार्ड, गुड, इझी अशी चार बटणं असतात. उत्तर विसरलं तरी ‘हार्ड’ दाबणारे खूप आहेत. पण ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, फक्त कष्टाने. विसरल्यावर ते दाबलं की गणिताला वाटतं कार्ड येतंय, पुढची तारीख लांब जाते, आणि पुन्हा विसरायला होतं. गोंधळ होत असेल तर फक्त अगेन आणि गुड एवढी दोनच बटणं वापरा, काही बिघडत नाही.

कार्ड कसं लिहायचं यावर खरा वेळ घालवावा. व्याख्यानाच्या स्लाइडवरचा अख्खा परिच्छेद चिकटवलेलं कार्ड कधीच नीट आठवत नाही, कारण त्यात सात गोष्टी असतात आणि त्यातली एक हुकली तर ‘आठवलं’ म्हणायचं की नाही हे कळत नाही. एका कार्डावर एकच गोष्ट असावी. ‘प्रमाण विचलन समजावून सांगा’ हे वाईट कार्ड. ‘प्रमाण विचलन हे कशाचं वर्गमूळ?’ हे चांगलं. ‘नमुन्याच्या विचरणात n ऐवजी n−१ ने का भागतात?’ हे त्याहून चांगलं, कारण त्यात ‘का’ आहे. आकृत्यांसाठी ‘इमेज ऑक्लूजन’ वापरा: चित्रातली नावं झाकली जातात आणि एकेक विचारली जातात. न समजलेल्या गोष्टीचं कार्ड मात्र करूच नका. ते पाठ होईल, पण वापरता येणार नाही. दुसऱ्यांचे तयार डेकही याच कारणाने जपून घ्यावेत. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की त्याला ‘लीच’ असा टॅग लागतो. असं कार्ड घोकत बसू नका. ते बहुधा चुकीचं लिहिलेलं असतं; मोडून दोन करा किंवा काढून टाका.

मोठ्या विद्यार्थ्याचे दिवस चुकणारच. घरातलं आजारपण, कामाचा तगादा, आणि पाच दिवसांनी ॲप उघडलं की साडेतीनशे उजळण्या साचलेल्या असतात. बरेच जण इथेच सोडून देतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय अगदी सोपा आहे. नवी कार्डं शून्यावर आणा, उजळण्यांची मर्यादा ६० ते ८० ठेवा आणि साठा संपेपर्यंत तेवढंच करा. एकाच बैठकीत सगळं उपसायचं नाही. थकल्यावर दिलेली उत्तरं भरवशाची नसतात. आणखी एक: आंकीचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, पहाटे ४ ला बदलतो. रात्री साडेबारानंतर अभ्यास करणाऱ्यांचा दिवस त्यामुळे बुडत नाही.

संगणक आणि फोन दोन्हीवर वापरत असाल तर बसण्यापूर्वी आणि उठताना सिंक करा. कार्डाच्या प्रकारात नवं फील्ड (माहितीचा रकाना) घातलं की आंकी एकाच दिशेने पूर्ण सिंक मागतं: अपलोड की डाउनलोड? इथे चुकीचं बटण दाबलं तर एका बाजूची ताजी कार्डं पुसली जातात. आधी दोन्हीकडचं सिंक पूर्ण करा, मग संगणकावर बदल करा, मग अपलोड निवडा.

निबंध, प्रकल्प आणि युक्तिवाद यांत आंकीचा उपयोग थोडा. संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ जपून ठेवणारं ॲप घ्या. तेही मोफत आहे, आणि फाइलींसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. त्याने भरलेली लेखकाची नावं आणि वर्ष मात्र प्रत्येक वेळी स्वतः तपासा, जुन्या पीडीएफमध्ये ती हमखास चुकतात.

परीक्षा जवळ आली की बऱ्याच कार्डांची पुढची तारीख परीक्षेनंतरची निघते. शेवटच्या आठवड्यात ‘कस्टम स्टडी’मधून ‘रिव्ह्यू अहेड’ निवडून ती आधी ओढता येतात, आणि सुरुवातीपासून धड्यानुसार टॅग दिले असतील तर कच्चा धडा वेगळा काढता येतो. टॅग कार्ड करतानाच द्या. शेकडो कार्डांना नंतर टॅग लावायला परीक्षेच्या आठवड्यात वेळ मिळत नाही.