लांबवता येणाऱ्या स्लिंगसाठी कॅरॅबिनर: पाच वायरगेटचे परीक्षण

प्रस्तरारोहणाचे साहित्य घेताना दोर, हार्नेस आणि बिले डिव्हाइस (चढणारा पडल्यास दोर रोखणारे साधन) यांची निवड आपण चौकशी करून, चार जणांना विचारून करतो. मात्र ६० सेंटिमीटरची शिवलेली स्लिंग (पट्टीचा बंद वेढा) आणि दोन सुटे कॅरॅबिनर (उघडझाप होणारे गेट असलेल्या धातूच्या कड्या) यांपासून तयार होणाऱ्या लांबवता येणाऱ्या ड्रॉची, म्हणजेच अल्पाइन ड्रॉची, वेळ येते तेव्हा बहुतेक संघांत जुन्या पेटीत उरलेले कॅरॅबिनर त्याच्या वाट्याला येतात. हे योग्य नाही, असे माझे मत आहे, कारण या ड्रॉमध्ये कॅरॅबिनरकडून जी कामे करून घ्यावी लागतात, ती साध्या क्विकड्रॉमधील, म्हणजे दोर बोल्टला जोडणाऱ्या आखूड, न लांबणाऱ्या ड्रॉमधील, कामांपेक्षा वेगळी असतात. वाइल्ड कंट्रीचा हीलियम, ब्लॅक डायमंडचा हूडवायर, कॅम्पचे फोटॉन आणि नॅनो २२, तसेच एडेलरिडचा नाइन्टीन जी या पाच वायरगेट, म्हणजे तारेचे गेट असलेल्या, कॅरॅबिनरांचे हे परीक्षण त्याच दृष्टीने केले आहे. आणि ते सह्याद्रीतील कातळावर, म्हणजे बोल्ट आणि पेग (कातळात ठोकलेले आधार) यांच्या आधारे वळणावळणाने वर जाणाऱ्या मार्गांवर चढणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम या ड्रॉची रचना पाहू. स्लिंगच्या दोन टोकांना एकेक कॅरॅबिनर असतो. एक कॅरॅबिनर दुसऱ्याच्या आतून ओवून, खाली पडलेल्या दोन पदरांत पुन्हा अडकवला की स्लिंगचे तीन वेढे होतात आणि तिची लांबी सुमारे २० सेंटिमीटरवर येते. बोल्टला वरचा कॅरॅबिनर लावल्यानंतर मार्ग बाजूला वळतो आहे असे दिसले, तर खालच्या कॅरॅबिनरमधून तीनपैकी कोणतेही दोन वेढे काढायचे आणि कॅरॅबिनर खाली ओढायचा. स्लिंग पूर्ण लांबीची होते. हे सगळे एका हाताने, दुसरा हात पकडीवर असताना करायचे असते, आणि निवडीचा खरा निकष इथेच दडलेला आहे.

लांबवण्याची गरज का पडते, हे आपल्याकडच्या सुळक्यांवर चढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बसाल्टच्या थरांमुळे मार्गात पदर, म्हणजे कातळाचे आडवे टप्पे, येतात, कड्याची धार ओलांडावी लागते, आधीच्या संघांनी ठोकलेले बोल्ट सरळ रेषेत नसतात. आणि दोर प्रत्येक वळणावर कॅरॅबिनरला व खडकाला घासत गेला की हे घर्षण नुसते साठत नाही, तर प्रत्येक वळणाला आधीच्या ओढीला गुणत जाते. म्हणूनच चार-पाच वळणांनंतर लीड करणाऱ्याला, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याला, दोर हाताने उपसून घ्यावा लागतो आणि खालून कोणी तरी धरून ठेवले आहे असे वाटू लागते. दुसऱ्या बाजूने, स्लिंग २० वरून ६० सेंटिमीटर केली की दोर अडकवण्याची जागा ४० सेंटिमीटर खाली येते आणि पतनाची लांबी त्याच्या दुपटीने, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटरने वाढते. पायाखाली कातळाचा पदर असताना हे अंतर क्षुल्लक नसते. त्यामुळे प्रत्येक बोल्टवर सरसकट लांबवणे हे उत्तर नाही. पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथे, झटकन लांबवता आले पाहिजे.

झटकन लांबवण्याच्या आड येते ते कॅरॅबिनरचे नोज, म्हणजे गेट जिथे येऊन बंद होते ते टोक. साध्या वायरगेटमध्ये या टोकाला खाच असते आणि तिच्यात गेटची तार अडकते. वेढे काढताना ८ ते ११ मिलिमीटरची डायनीमा (एक हलका, मजबूत कृत्रिम धागा) स्लिंग नेमकी या खाचेत शिरून बसते. जमिनीवर दोन्ही हातांनी ती सोडवणे किरकोळ काम असते. पण ताणलेल्या हाताने, पायाखाली काही नसताना तीच खाच माणसाचा संयम पाहते. ही अडचण दोन प्रकारांनी सोडवलेली दिसते. हीलियममध्ये टोकाला दोन्ही बाजूंनी धातूची भिंत उभी करून खाच आत लपवली आहे, तर हूडवायरमध्ये टोकाभोवती पोलादी तारेचा वेढा बसवला आहे. दोन्हींचा परिणाम सारखाच आहे: स्लिंग सरकून बाहेर येते.

माझी पहिली पसंती हीलियमला आहे. त्याचे वजन सुमारे ३३ ग्रॅम आहे. उभ्या अक्षात गेट बंद असताना २४ किलोन्यूटन (बल मोजण्याचे एकक), गेट उघडे असताना १० किलोन्यूटन आणि आडव्या अक्षात ७ किलोन्यूटन अशी त्याची क्षमता आहे. यांतील मधला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ईएन १२२७५ या युरोपीय मानकानुसार साध्या म्हणजे ‘बी’ प्रकारच्या कॅरॅबिनरला गेट बंद असताना किमान २० आणि गेट उघडे असताना किमान ७ किलोन्यूटन एवढी ताकद असावी लागते. लीड करणारा पडतो तेव्हा सर्वांत वरच्या आधारावर चढणाऱ्याच्या बाजूची ओढ आणि बिले देणाऱ्याच्या बाजूची ओढ अशा दोन्ही एकत्र येतात, आणि त्या क्षणी कॅरॅबिनर खडकावर आपटून किंवा खडकाच्या कंगोऱ्याला टेकून गेट उघडले असेल, तर बंद गेटचा मोठा आकडा काहीही उपयोगाचा राहत नाही. सैल स्लिंगवर लोंबणारा कॅरॅबिनर ताठ क्विकड्रॉपेक्षा जास्त हलतो आणि जास्त आपटतो. म्हणून या ड्रॉसाठी गेट उघडे असतानाचा आकडा ९ किंवा १० असलेला कॅरॅबिनर मिळत असेल, तर त्यासाठी दोन-चार ग्रॅम जास्त वाहून न्यायला माझी हरकत नाही.

वायरगेटच का, असा प्रश्न नवे गिर्यारोहक विचारतात. ब्लॅक डायमंडने १९९० च्या दशकाच्या मध्यात वायरगेट गिर्यारोहणात रूढ केले, ते केवळ वजन कमी करण्यासाठी नव्हते. तारेच्या गेटचे वस्तुमान भरीव गेटपेक्षा खूप कमी असल्याने धक्क्याने किंवा दोर वेगाने सरकताना होणाऱ्या कंपनाने ते उघडण्याचा संभव कमी होतो. बर्फात ते गोठत नाही, हा दुसरा गुण हिमालयात जाणाऱ्यांना उपयोगी आहे. आपल्याकडे त्याऐवजी धूळ आणि चिखल असतो, आणि तोही तारेच्या गेटमध्ये कमी साचतो.

हूडवायर सुमारे ३७ ग्रॅमचा, म्हणजे या पाचांत सर्वांत जड आहे. हातात घेतल्यावर तो भरभक्कम वाटतो, घामेजलेल्या बोटांना त्याची पकड चांगली मिळते आणि दोर त्यात सहज जातो. पोलादी तारेचा वेढा सुबक आहे, तरीही या नाजूक दिसणाऱ्या भागाबाबत मी थोडा साशंक आहे. सुळक्यावरून गिअरची पिशवी दोराने खाली सोडणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार असल्याने ती तार वाकलेली नाही ना, हे अधूनमधून पाहणे भाग आहे. हीलियममध्ये असा वेगळा जोडलेला भाग नाही. दोघांत निवड करायची झाल्यास मला तेवढे कारण पुरते.

कॅम्पच्या फोटॉनला नोजवर खाच आहे आणि तरीही मी त्याची शिफारस करतो. सुमारे ३० ग्रॅम वजनात इतका मोठा आकार आणि इतके मोठे उघडणारे गेट देणारे कॅरॅबिनर थोडे आहेत. जाड बोटांच्या माणसाला, किंवा अजूनही १०.५ ते ११ मिलिमीटरचा दोर वापरणाऱ्या संघाला, हा आकार फार सोयीचा पडतो. शिवाय जुन्या पेगची डोळी आणि स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेले जाड पत्र्याचे हँगर (बोल्टवर बसवलेली, कॅरॅबिनर अडकवायची पट्टी) यांत लहान कॅरॅबिनर शिरला तरी मोकळा फिरत नाही, फोटॉन फिरतो. म्हणून तो मी बोल्टच्या बाजूला सुचवतो. तिथे खाच अडकण्याचा धोका नाही, असे नव्हे. कॅरॅबिनर हँगरवर नोजच्या टोकावर अडकून राहिला आणि त्या स्थितीत भार आला, तर त्याची ताकद बंद गेटच्या ताकदीचा लहानसा अंश उरते, आणि हा धोका कोणत्याही ड्रॉमध्ये डोळ्यांनी पाहूनच टाळावा लागतो. परंतु मऊ, सैल स्लिंगमुळे कॅरॅबिनरला तिरके ढकलणारी तरफ तयार होत नाही, त्यामुळे ताठ क्विकड्रॉच्या तुलनेत इथे तो कमी संभवतो. खिशाला दोन्ही बाजूंना हीलियम परवडत नसतील, तर वेढे जिथून काढायचे त्या दोराच्या बाजूला हीलियम आणि बोल्टच्या बाजूला फोटॉन, ही जोडी मला सर्वांत समंजस वाटते.

नॅनो २२ आणि नाइन्टीन जी यांच्याविषयी कौतुक आणि नापसंती दोन्ही एकदम वाटतात. पहिला नावाप्रमाणे २२ ग्रॅमच्या आसपास, दुसरा २० ग्रॅमच्याही किंचित खाली. आणि दोन्ही मानकाच्या कसोटीवर उतरलेले आहेत, ही अभियांत्रिकीची कमाल आहे. दहा ड्रॉचा हिशेब केला तर हीलियमच्या जागी नाइन्टीन जी लावून सुमारे पाव किलो वजन वाचते. उंच हिमशिखरावर जाणाऱ्याला हे पाव किलो मोलाचे आहे. मात्र एप्रिलच्या उन्हात सुळक्याच्या पायथ्यापर्यंत माणशी तीन-चार लिटर पाणी वाहून नेणाऱ्या संघाने या बचतीसाठी बोटांत नीट न मावणारे कॅरॅबिनर घ्यावेत, हे मला पटत नाही. त्यांचे पोट इतके लहान आहे की १६ मिलिमीटरच्या नायलॉन स्लिंगचे तीन वेढे त्यात दाटीवाटीने बसतात आणि एकमेकांवर चढतात. ते फक्त अरुंद डायनीमासाठीच ठीक आहेत. दोर टेकतो तो भागही निमुळता असल्याने त्यावर दोर कमी त्रिज्येने वाकतो, आणि मातीने भरलेल्या दोरामुळे तिथे चर पडायलाही कमी वेळ लागतो. भाराने खोल चर पडलेला आणि कडा धारदार झालेला कॅरॅबिनर टाकून द्यावा लागतो, हे लक्षात घेता वजनातील बचत महाग पडू शकते.

कॅरॅबिनर जमला तरी तो ज्या स्लिंगवर बसतो तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ईएन ५६६ या मानकानुसार शिवलेली स्लिंग किमान २२ किलोन्यूटन भार पेलणारी असते. डायनीमा हलकी, अरुंद आणि पाणी न शोषणारी असल्याने या ड्रॉसाठी ती सोयीची आहे. पण ती जवळजवळ ताणली जात नाही, सुमारे १४५ अंश सेल्सियसला वितळते आणि गाठ मारल्यास तिची ताकद बरीच घटते. त्यामुळे लांबवता येणाऱ्या ड्रॉच्या स्लिंगला गाठ मारून ‘सोयीची लांबी’ करण्याची सवय असेल, तर ती सोडावी.

एका बाबतीत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. क्विकड्रॉवर दोराच्या बाजूचा कॅरॅबिनर जागेवर धरून ठेवण्यासाठी रबराची जी कडी किंवा टोपण असते, ते लांबवता येणाऱ्या स्लिंगवर मुळीच लावू नये. वेढे काढताना आणि घालताना स्लिंगचा एखादा पदर कॅरॅबिनरच्या बाहेर राहून नुसते रबरच त्यात अडकू शकते, आणि वरवर पाहता ड्रॉ अगदी व्यवस्थित दिसतो. २०१३ साली फ्रान्समध्ये ओर्पिएर येथे बारा वर्षांच्या एका इटालियन मुलाचा मृत्यू झाला, तो क्विकड्रॉ अशाच चुकीच्या पद्धतीने, भार केवळ रबरावर येईल असे जोडलेले असल्यामुळे. ते साधे क्विकड्रॉ होते. सतत उघडझाप होणाऱ्या स्लिंगमध्ये ही शक्यता आणखी वाढते. कॅरॅबिनर सैल राहून कधी कधी आडवा होतो, हे खरे. पण आडवा झालेला कॅरॅबिनर क्लिप करताना बोटाने सरळ करता येतो.

सैल राहण्याचा आणखी एक परिणाम असा, की दोन्ही कॅरॅबिनर दिसायला सारखे असतील तर बोल्टचा कोणता आणि दोराचा कोणता हे समजत नाही. हँगरच्या पोलादी कडेमुळे ॲल्युमिनियमवर बारीक खरवड उठते आणि तीच बाजू पुढच्या वेळी दोराला लागली तर दोराचे आवरण फाटते. यासाठी रंगाची शिस्त पाळावी: दोराचा कॅरॅबिनर नेहमी एकाच ठळक रंगाचा, बोल्टचा साधा राखाडी. हीलियम आणि फोटॉन दोन्ही रंगीत मिळतात, त्यामुळे वर सुचवलेल्या जोडीत हे आपोआप साधते. संघाच्या सामायिक गिअरमध्ये हे आणखी महत्त्वाचे, कारण तिथे परत आलेले ड्रॉ कोणी जोडले हे कोणालाच आठवत नाही.

खरेदीबाबत एवढेच सांगतो: किल्ल्यांच्या जुडग्यासाठी बनवलेले कॅरॅबिनर हुबेहूब खऱ्यासारखे दिसतात, तेव्हा पाठीवर किलोन्यूटनचे तिन्ही आकडे, सीईची खूण आणि मानकाचा क्रमांक कोरलेला आहे का, हे वाचून घ्यावे. शक्य असल्यास स्वतःची स्लिंग सोबत न्यावी, दुकानातच तीन वेढे घालावेत, डाव्या हाताने ते काढून पाहावेत आणि मग उजव्या हाताने. ज्या कॅरॅबिनरने दोनपैकी कोणत्याही एका हाताला अडवले, तो कितीही हलका असला तरी परत ठेवावा.