'७८' लिहिलेलं बटण: सूटकेस रेकॉर्ड प्लेयर, नऊ महिन्यांनंतर

आधी कबुली देतो. हा प्लेयर घेतल्यावर पंधराव्या दिवशी मी चार तारे देऊन मोकळा झालो होतो. 'दिसायला झकास, आवाज घरापुरता पुरे, पैसा वसूल' असं काहीतरी लिहिलं होतं. ते तारे मागे घेतोय. मध्यंतरी दीडवर आणले होते, सध्या तीनवर आहेत. का, ते सविस्तर सांगतो, कारण घ्यायच्या आधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फीचर्सची यादी देत नाही, ती तुम्ही जाहिरातीत वाचलेलीच असणार. मी ६,४९९ रुपये मोजले ते एकाच आकड्यासाठी. ३३, ४५ आणि ७८ (तबकडीच्या मिनिटाला फेऱ्या) मधला तिसरा. मिरजेचं घर विकलं तेव्हा माळ्यावरून आजोबांच्या तेवीस रेकॉर्ड निघाल्या. सगळ्या लाखेच्या, सगळ्या ७८ च्या. निम्म्याहून जास्त बालगंधर्व, चार मास्टर दीनानाथ, ज्योत्स्ना भोळ्यांची 'कुलवधू'मधली एक, शांता हुबळीकरांची 'माणूस'मधली एक, आणि जी. एन. जोशींच्या भावगीतांची एक. भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला दे. मी म्हटलं, आधी वाजवून तर बघू. हल्लीचे बरेच प्लेयर ३३-४५ वरच थांबतात, म्हणून '७८' छापलेलं मॉडेल शोधण्यात महिना गेला.

पहिला धक्का पिनेचा. सोबत येते ती एलपीची, म्हणजे ३३ च्या रेकॉर्डची. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला एलपीच्या जवळजवळ तिप्पट जाड टोकाची पिन लागते. बारीक पिन त्या खाचेच्या तळाशी घरंगळत जाते आणि गाण्याऐवजी पापड तळल्यासारखी खरखर ऐकू येते. ७८ ची पिन वेगळी मागवली, १,१५० रुपये. खोक्यावर ७८ छापायचं आणि पिन द्यायची नाही, म्हणजे जेवायला बोलवायचं आणि ताट घरून आणा म्हणायचं. तरी मी तेव्हा चार तारे दिले, कारण जाड पिन लावली आणि खरखरीमागून एकदम बालगंधर्व आले. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये गातोय म्हटल्यावर तारे कोण मोजतं!

शंका पहिल्यांदा आईला आली. 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' लावलं होतं. १९१६ चं नाटक, खाडिलकरांचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी अर्थातच बालगंधर्व. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ही रुक्मिणी शाळेत जाणारी वाटते रे." आम्ही हसलो. मग सांगलीच्या आत्याला फोनवर ऐकवलं. आत्या ऐंशीच्या पुढची, या रेकॉर्ड लहानपणी रोज ऐकलेली. तिने अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "नारायणरावांच्या मागे कुणी लागलंय का?" (नारायणराव म्हणजे बालगंधर्वच.)

बाबांना मात्र काही वाटेना. बाबा पेटी वाजवतात आणि त्यांचा कानापेक्षा पेटीवर जास्त विश्वास. त्यांनी रेकॉर्डबरोबर सूर धरून बघितला. मागे ऑर्गन वाजतो त्याचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या पांढरी दोन या पट्टीला तंतोतंत बसला. "सूर लागतोय, मग चुकीचं काय असणार?" विषय संपला.

इथेच आम्ही फसलो. पेटीवरची प्रत्येक पट्टी तिच्या खालच्या पट्टीपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी वर असते. तबकडी दोन-तीन टक्के जलद फिरली असती तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला असता आणि बाबांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं असतं. आमचं यंत्र नेमकं सहा टक्क्यांच्या आसपास जलद होतं. त्यामुळे सगळं गाणं उचलून अख्ख्या एका पट्टीने वर गेलेलं, आणि तिथे सुरात! एवढी बेमालूम चूक मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्या लक्षात आलं ते घड्याळामुळे. त्याच रेकॉर्डची इंटरनेटवरची प्रत तीन मिनिटं वीस सेकंदांची, आमच्याकडे तीच तीन मिनिटं नऊ सेकंदांत संपत होती. अकरा सेकंद गेले कुठे?

अकरा सेकंदांसाठी एवढा जीव का काढतोय, असं बायकोनेही विचारलं. आजोबांनी बालगंधर्वांचं 'कान्होपात्रा' पाहिलं होतं, पिटातलं तिकीट काढून. ते सांगायचे की नाटक रात्री सुरू व्हायचं आणि उजाडायला आलं की संपायचं, कारण प्रत्येक पदाला वन्स मोअर, आणि नारायणराव प्रत्येक वेळी तेच पद वेगळ्या वाटेने सांगायचे. असा माणूस रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांत कोंबलेला. आलाप नाही, वन्स मोअर नाही, शिरस्तेदार कागद वाचतो तसं पद सुरू आणि पद संपलं. मुळातच इतकं कमी मिळालंय. त्यातले अकरा सेकंद या यंत्राने खाल्ले तर मला राग येणारच. आणि सेकंदांबरोबर आवाजाचं वजनही जातं. गंमत म्हणजे दीनानाथांच्या रेकॉर्डवर हे मला कधीच खटकलं नाही. 'रणदुंदुभि'मधल्या पदात त्यांची तान मुळातच विजेसारखी. ती सहा टक्के जलद झाली तरी आपण 'वा, काय माणूस होता' म्हणून गप्प बसतो.

कस्टमर केअर. सात फोन, चार मेल. उत्तर एकच: "सर, पाच टक्के टॉलरन्स असतो." मी म्हटलं, हे पावणेसहा भरतात. "सर, अप्रॉक्स." शेवटी मुंबईतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळाला. तिथला पोरगा सज्जन होता, पण त्याच्याकडे तपासायला इंग्रजी गाण्यांची एक एलपी, म्हणजे ३३ ची. ७८ ची तबकडीच नाही! ७८ चा स्पीड विकणाऱ्यांनी ७८ ची एक रेकॉर्ड बाळगू नये? हे मला आधीच फोनवर कळलं होतं, म्हणून मी एक रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून सोबत नेली होती. बालगंधर्वांची न्यायचा धीर होईना, म्हणून जी. एन. जोशींची घेतली. नागपूरचे हे वकील, पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम पाहायला लागले. आमच्याकडची ती एकच.

लोकलमध्ये उतरताना मागून रेटा आला. टॉवेलातून बारीकसा 'कट्' असा आवाज आला आणि मला तिथेच कळलं. लाख वाकत नाही, तडकते. कडेपासून आत दोन बोटं एवढी चीर. दोष कुणाचा नाही, सकाळी आठ पन्नासच्या गाडीत टॉवेलात रेकॉर्ड नेणाऱ्याचा आहे.

यंत्र तेवीस दिवस ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा कागदावर 'बेल्ट बदलला, टेस्टेड ओके'. घरी आणून 'नाथ हा माझा' लावलं. तीन मिनिटं नऊ सेकंद. त्या रात्री तारे दीडवर आणले.

आणि मग मला न मागता मोजपट्टी मिळाली. तडा गेलेली रेकॉर्ड टाकवत नव्हती, म्हणून एकदा तशीच लावली. पिन चिरेवरून गेली की 'टक्'. एका फेरीला एकदा. टक्, टक्, टक्. बाबा सोफ्यावर बोटांनी ठेका धरायला लागले आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. ७८ च्या वेगाने फिरत असेल तर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर टक् व्हायला हवेत! मोबाइलवर मेट्रोनोम होताच, बाबा रियाजाला वापरतात. ७८ वर लावला, रेकॉर्ड पुढे पळाली. ८० वर, तरी पुढे. ८२ वर बराच वेळ जोडीने चालली आणि मग हळूच सटकली. ८३ वर मागे पडली. म्हणजे साडेब्याऐंशीच्या आसपास. (रेघांची कागदी चकती छापून तबकडीवर ठेवायची आणि ट्यूबखाली रेघा स्थिर दिसतात का पाहायचं, असाही उपाय असतो. तो मी करून बघितला होता. पण त्याला लुकलुकणारा जुना दिवा लागतो. आमच्या घरात सगळे एलईडी, रेघा काही केल्या थांबेनात. फुटकी रेकॉर्ड जास्त कामाची निघाली.)

हा पुरावा, व्हिडिओसकट, पाठवला. उत्तर आलं की सहा महिन्यांची वॉरंटी चार दिवसांपूर्वी संपली. तेवीस दिवस यंत्र त्यांच्याकडेच होतं, ते धरत नाहीत. फोनवरच्या बाईंनी माझी समजूत काढली, "सर, ओल्ड साँग्स आप ब्लूटूथ पे भी सुन सकते हैं." मला एवढा राग आला की हसूच आलं.

वॉरंटी गेली म्हणजे हात बांधलेले नाहीत. एका रविवारी प्लग काढून यंत्र पाटावर उलटं घेतलं. बुडाचे सहा स्क्रू काढले, मोटर दिसली. लहानसा चंदेरी डबा. त्याच्या पाठीला बोरूच्या टोकाएवढं भोक, आणि आत खोल पितळी स्क्रू. अशा मोटरींचा वेग तिथून लागतो. स्टेशनबाहेर घड्याळजीकडून नव्वद रुपयांचा स्क्रूड्रायव्हर आणलेला होता. केसभर फिरवायचं, यंत्र सुलटं करायचं, चिरलेली रेकॉर्ड लावायची, टक् ऐकायचा, परत उलटं. एकदा चुकीच्या दिशेने गेलं आणि जी. एन. जोशी रेल्वेत झोपेतून उठवल्यासारखे गायला लागले. दीड तास गेला. अकराव्या की बाराव्या खेपेला रेकॉर्डचा टक् आणि मोबाइलचा टिक् एकात एक मिसळले आणि पाच मिनिटं वेगळे झाले नाहीत.

मग 'नाथ हा माझा'. तेच पद मी नऊ महिन्यांत शंभरदा तरी ऐकलं असेल. या वेळी समेच्या अलीकडे नारायणराव किंचित रेंगाळतात ते पहिल्यांदा कळलं. आधी तिथे नुसती उडी ऐकू यायची. तानेचा एकेक दाणा सुटा झाला, ऑर्गन बसका आणि भरीव झाला. शाळेतली पोरगी गेली. एक बाई उभी आहे, तिला आपलं माणूस आवडलंय आणि ते सांगायची तिला मुळीच घाई नाही. बाबांनी पेटी ओढली, सूर शोधला, काळी एक, पांढरी दोनच्या लगेच खालची पट्टी. काही बोलले नाहीत. पेटीचा भाता बंद केला आणि रेकॉर्ड परत लावायला सांगितली. वन्स मोअर. तीन मिनिटं वीस सेकंद.

इथे गोष्ट संपवून मी पाच तारे देणार होतो. पण आत्याला फोन केला. तिने ऐकलं, म्हणाली, "बरं आहे आता. पण अजून घाई आहे."

मी वैतागलो. मेट्रोनोमवर लावलंय म्हटलं, याहून बरोबर काय असतं? तेव्हा तिने सांगितलं की आजोबांच्या चावीच्या फोनोला कडेला वेग कमी-जास्त करायचा खटका होता आणि आजोबा तो कायम हळूकडे ठेवायचे. "अण्णांना तसंच आवडायचं." म्हणजे आत्याच्या कानातले बालगंधर्व आजोबांनी लावलेले! त्यात चावी उतरत आली की तबकडी आणखी मंदावणार, ते वेगळंच.

तिला खोडून काढायच्या तयारीने मी वाचायला बसलो आणि निम्मा गप्प झालो. ७८ हा आकडा सगळीकडे पक्का झाला तो विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर, म्हणजे १९२५ नंतर. त्याआधी गायक कर्ण्यासमोर तोंड करून गात, आणि तेव्हाच्या तबकड्या कुणी सत्तरीच्या आगेमागे, कुणी ऐंशीच्याही वर अशा वेगवेगळ्या वेगाने कापलेल्या असत. आमच्या तेवीसातल्या दोन-तीन त्या काळातल्या वाटतात. तबला जवळजवळ ऐकूच येत नाही, आवाज डब्यातून आल्यासारखा. त्यांच्यासाठी ७८ बरोबर की चूक, हे या बटणालाही माहीत नाही आणि मलाही. तिथे आत्याचं बरोबर असू शकतं. म्हणजे नऊ महिने ज्या आकड्यासाठी भांडलो, तो सगळ्या रेकॉर्डना लागूच नव्हता. कंपनीचं त्यामुळे काही सुटत नाही. '७८' छापलंय तर ७८ द्या. पुढचं मी आणि आत्या बघून घेऊ.

हिशेब मांडतो. यंत्र ६,४९९, पिन १,१५०, स्क्रूड्रायव्हर ९०, सर्व्हिस सेंटरच्या दोन खेपांचं भाडं आणि वडापाव धरून २६०. एकूण ७,९९९. म्हणजे आठ हजाराला एक रुपया कमी, तोही त्यांनी कसा सोडला कोण जाणे. यात फुटलेली रेकॉर्ड धरलेली नाही.

ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत त्यांनी माझं ऐकू नका, तुम्हाला यात काही त्रास होणार नाही. ज्यांच्याकडे लाखेच्या रेकॉर्ड आहेत त्यांनी घेण्याआधी विचारा की वेग लावायची सोय बाहेरून आहे का. थोडे जास्त पैसे घालून तशी मिळत असेल तर तीच घ्या. माझ्या स्क्रूचा एक दुष्परिणामही सांगून ठेवतो. तिन्ही वेग एकाच वेळी खाली आले, त्यामुळे ३३ आता जरा सुस्त चालतं. घरात एलपी एकच आहे, ती भावाची. त्याला अजून बोललेलो नाही.

सध्या यंत्र ७७ वर ठेवलंय, बाबांच्या आणि आत्याच्या मध्ये. पेटीवर सूर कुठेच बसत नाही, म्हणून बाबा रोज कुरकुरतात. दिवाळीला आत्या येणार आहे. बुडाचे सहा स्क्रू मी अजून लावलेले नाहीत.