फॅक्टरी .308 रायफलला मॅगपुलचा हंटर 700 स्टॉक: पैसे वसूल

ज्यांच्याकडे रेमिंग्टन 700 पॅटर्नची साधी फॅक्टरी रायफल आहे आणि लांबच्या रेंजसाठी आधी काय बदलू म्हणून डोकं खाजवत बसलेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझं उत्तर सरळ आहे, आधी स्टॉक (खांद्याला लावायचा दांडा, ज्यात बाकी रायफल बसते). बॅरल (नळी) नंतर, मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, झटका कमी करणारा भाग) तर सगळ्यात शेवटी. (मी टेक्सासात असतो, ग्रीन कार्ड आल्यावर हा नाद लागला, त्यामुळे भारतातल्या मंडळींनी कुठे मिळेल वगैरे विचारू नका, तिकडचा कायदा पूर्ण वेगळा आहे.)

रायफलसोबत आलेला स्टॉक रबर चढवलेला होता, हातात मस्त बसतो, पण बायपॉड (पुढचे दोन पाय) लावून अंग जरा पुढे रेटलं की फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) वाकतो आणि बॅरलला टेकतो. डॉलरची नोट बॅरलखालून सरकवून बघा, मोकळी असताना सरसर जाते, भार दिला की अडकते. आता हे टेकणं दर शॉटला वेगळं, मग 100 यार्डावर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) कधी इंचभर तर कधी दुप्पट, आणि आपण बसतो स्कोपला शिव्या घालत.

मॅगपुलच्या स्टॉकमध्ये आत अ‍ॅल्युमिनियमचा बेडिंग ब्लॉक (यंत्रणा घट्ट बसवणारा ठोकळा) आहे, फोरएंड कडक आहे, बॅरल पूर्ण फ्री फ्लोट होतं, म्हणजे फोरएंडला कुठेच टेकत नाही. काही घासायचं-कापायचं नाही, दोन स्क्रू काढा, अ‍ॅक्शन (बोल्टची मधली यंत्रणा) उचला, नव्यात ठेवा. फक्त घट्ट करताना रायफल उभी धरा म्हणजे रिकॉइल लग (झटका स्टॉकला देणारा खुंट) मागे नीट टेकतो, आणि टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) वापरा, 65 इंच-पाउंड. अंदाजपंचे आवळलं तर एवढा खर्च करून उपयोग काय!

स्टॉकची लांबी स्पेसर टाकून कमीजास्त होते. गाल टेकवायला रायझर मात्र वेगळा घ्यावा लागतो, आणि मोठ्या ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) स्कोप असेल तर तो लागतोच, नाहीतर मान वर काढून बघावं लागतं आणि पॅरलॅक्स येतो, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. डिटॅचेबल मॅगझिन हवं असेल तर मॅगवेलही (मॅगझिन बसायची खोबण) वेगळा. म्हणजे बॉक्सवरची किंमत बघून खूश होऊ नका, हे सगळं धरून हिशोब करा. तरी पूर्ण चेसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) मानाने स्वस्तच पडतं.

फरक? त्याच बॅरलमधून, त्याच 175 ग्रेन मॅच गोळ्यांनी ग्रुप आता एक एमओएच्या (100 यार्डावर साधारण इंचभर) आत राहतो, आणि मुख्य म्हणजे रोज तसाच राहतो. रायफल रातोरात जादूची झालेली नाही, फक्त आधी जे मध्ये मध्ये बिघडायचं ते बंद झालं.

यानंतर ट्रिगर. 700 च्या जुन्या रायफली सेकंडहँड घेणाऱ्यांनी 2014 चा एक्स-मार्क प्रो ट्रिगरचा रिकॉल आपल्या सिरीयल नंबरला लागू होता का आणि काम झालंय का हे आधी तपासा, कितीही भारी डील मिळालं तरी. मग 20 एमओएची रेल (स्कोप जरा पुढे झुकवणारी पट्टी), कारण .308 ला 100 यार्डाच्या झिरोवरून (तिथे जुळवलेल्या निशाण्यावरून) 1000 ला जायचं तर बारा-तेरा मिल (कोनाचं माप) वर डायल करावं लागतं आणि बऱ्याच स्कोपचा टरेट (उंची बदलायची फिरकी) सपाट रेलवर त्याच्या आधीच संपतो.

फक्त शिकारीला डोंगर चढायचे असतील तर हा स्टॉक घेऊ नका, वजन जाणवतं. बेंचवर किंवा झोपून मारणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या, आणि टॉर्क रेंच त्याच ऑर्डरमध्ये टाका.