एक्सेलचे ट्रेस बाण, केळीच्या हिशोबाला एकदम कामाचे

आमच्या रावेरकडे केळीच्या गाडीचा हिशोब म्हणजे वजन, भाव, हमाली, भाडं सगळं एकात एक गुंतलेलं. फॉर्म्युला टॅबमधलं ट्रेस प्रिसिडंट्स दाबलं की आकडा कुठून आला ते निळ्या बाणाने दिसतं, आणि एरर देणाऱ्या सेलचा बाण लाल, हे तर भारीच भाऊ. डिपेंडंट्स दाबा, भाव बदलला तर काय काय हलेल ते कळतं. पण आकडा दुसऱ्या शीटवरचा असला की नुसती काळी तुटक रेघ, तिच्यावर डबल क्लिक करा मग कुठे यादी उघडते. मधे एखादी रो घातली की बाण गायब! डोक्यात जातं. मोठ्या शीटवर नुसतं जाळं होतं, तिथे सेलवर एफ२ दाबून, फॉर्म्युल्यात वापरलेल्या सेलभोवती येणाऱ्या रंगीत चौकटीच बघाव्या.